कुंभाराचं गाढव

काही बिघडलं की माणसाच्या तोंडून दोनच प्रश्न निघतात. काय झालं, आणि कुणी केलं. खरं तर ‘काय’ आधी यायला हवं आणि ‘कुणी’ मागनं. पण आपल्या घरात, गावात हा क्रम बहुतेक वेळा उलटाच असतो. म्हैस आटली, कुणाची नजर लागली? विहिरीवरची मोटर जळली, काल चालू कुणी केली होती? कपाटातले पैसे कमी भरले, खोलीत कोण आलं होतं? ‘कुणी’चं उत्तर हाताला लागलं की ‘काय’ विचारायची कुणाला गरज वाटत नाही. राग काढायला माणूस मिळालेला असतो.

या दोन प्रश्नांमधलं अंतर मला एका फियाटमुळं कळलं. म्हणून आधी त्या गाडीबद्दल सांगतो.

आमचं गाव वाई तालुक्यात, कृष्णाकाठी. ऊस, हळद आणि पावसाळ्यात नदीचं पाणी कुठवर आलं त्याच्या गोष्टी, एवढंच आमच्याकडं पिकतं. माझे थोरले चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो, त्यांनी एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली होती. कागदावर पद्मिनी, पण गावात लहानथोर सगळे तिला फियाटच म्हणायचे. तेही चूक नव्हतं. मूळची इटलीची फियाट ११००, ती आपल्याकडं कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची. पद्मिनी हे नाव तिला सत्तरच्या दशकात मिळालं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगलाच चिकटलेला गिअरचा दांडा. आजच्या पोरांना ती ठाऊक आहे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळं, आणि ती टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता ज्यांनी ही गाडी जपलीय ते तिला क्लासिक म्हणतात, तिचे फोटो काढतात. आमच्याकडं तेव्हा ती नुसती गाडी होती. अडलेली बाई, साप चावलेला माणूस, हळदीला निघालेली नवरी आणि कारखान्याच्या मीटिंगला निघालेले तात्या, या सगळ्यांना तिनं सारख्याच धुरळ्यातनं नेलं.

गाडी चालवायला एक गृहस्थ होते. चाळिशीचे, कमी बोलणारे. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो. गाडी पुसून झाली की फडकं धुऊन वाळत घालणारा दुसरा ड्रायव्हर मी अजून बघितला नाही.

१९८६ च्या उन्हाळ्यात या गाडीला एक विचित्र रोग जडला. वाईला पेट्रोल भरायचं, तात्या बँकेत नाहीतर कुणाच्या तरी ऑफिसात उतरायचे, आणि मामा पुढं साताऱ्याला कामाला जायचे. पाचवडच्या अलीकडं-पलीकडं गाडी आचके द्यायला लागायची आणि बसायची. अर्धा तास थांबलं की परत चालू व्हायची, एखादा किलोमीटर जायची आणि परत बसायची. मग मामा कुणाच्या तरी हाती वाईला निरोप धाडायचे, तात्या कुणाची तरी मोटरसायकल घेऊन तिथं पोचायचे, आणि तात्या पोचले की पाच मिनिटांत गाडी चालू!

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी गाडीत माझी चुलतबहीण होती, आठवा महिना लागलेली. तिला उन्हात रस्त्याकडंच्या बाभळीखाली बसवावं लागलं. शेवटी एसटीत बसवून तिला पुढं नेली. तिला काही झालं नाही, पण त्या दिवसापासून तात्यांच्या डोक्यात जे घुसलं ते घुसलंच.

तात्यांचा हिशेब साधा होता, आणि ऐकणाऱ्याला पटेल असा होता. मी गाडीत असतो तेव्हा गाडी एकदासुद्धा बंद पडत नाही. हा एकटा असतो तेव्हाच पडते. मी तिथं गेलो की चालू होते. म्हणजे गाडीला काही झालेलं नाही. त्यात गेले दोन महिने पेट्रोलच्या वहीतला हिशेबही जुळत नव्हता. लिटरला जेवढे किलोमीटर पडायला हवेत तेवढे पडत नव्हते. दोन्हीची सांगड घातली की एकच गोष्ट निघते. हा वाटेत पेट्रोल काढून विकतो, त्या जागी रॉकेल घालतो, आणि मग गाडी बसते. त्या काळी पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ ही काही न ऐकलेली गोष्ट नव्हती.

एका संध्याकाळी पारावर, दहा-पंधरा माणसं बसलेली असताना, तात्या मामांना म्हणाले, “उद्यापासनं येऊ नगंस. गाडीची किल्ली ठेव हितं.”

मामा एवढंच म्हणाले, “तात्या, मी पेट्रोलला हात लावला न्हाई.”

“मंग गाडी तुझ्याच हातात कशी काय बसती रं?”

त्याला मामांकडं उत्तर नव्हतं. ज्याच्यावर आळ येतो त्याची सगळ्यात मोठी अडचण हीच असते. आपण केलं नाही हे त्याला ठाऊक असतं, पण मग काय झालं हे त्यालाही ठाऊक नसतं. आणि ‘काय झालं’ हे सांगता आलं नाही की लोक समजतात, ‘केलं’ यानंच.

पुढचे तीन आठवडे मामा घरात बसून होते. दुसऱ्या कुणी त्यांना ट्रॅक्टरवरसुद्धा घेतलं नाही. गावात एकदा बोललं गेलं की त्याला कागदाची गरज लागत नाही.

मधल्या काळात गाडी तालुक्याच्या एका गॅरेजात नेली. तिथल्या पोरानं आधी पॉइंट बदलले, मग कंडेन्सर, मग कॉइल. प्रत्येक वेळी गाडी चालू करून दाखवली आणि बिल घेतलं. गाडी गॅरेजात चालूच व्हायची. तिथं ती बंद कधी पडलीच नव्हती. त्याच्या बदलण्यालाही आधार होता, हे मला पुढं कळलं. कॉइल किंवा कंडेन्सर कमजोर झाला की गाडी गार असताना बरी चालते, तापली की बंद पडते आणि निवली की परत सुरू होते. आमच्या गाडीची लक्षणं वरवर तशीच होती. पण लक्षण जुळलं म्हणजे रोग जुळला असं होत नाही. ताप मलेरियाचा असतो, टायफॉइडचा असतो आणि नुसत्या उन्हाचाही असतो.

मग कुणीतरी म्हणालं, मिस्त्रींना दाखवा. हे मिस्त्री म्हणजे नदीकाठची ऑइल इंजिनं दुरुस्त करणारे म्हातारे. आख्ख्या काठावरची इंजिनं त्यांना आवाजावरनं ओळखू यायची. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि बॉनेट न उघडताच ओट्यावर बसले. चहा घेतला. मग विचारलं, “बंद पडती म्हंजे कशी पडती? दिवा मालवल्यागत एकदम, का दम लागल्यागत?”

तात्या म्हणाले, “ते मला काय ठावं? मी गेलो की चालूच असती.”

“मंग ज्याला ठावं हाय त्याला बोलवा.”

तात्यांना हे आवडलं नाही. पण मिस्त्री हलेनात. “गाडी ज्याच्या हातात बसती, त्याच्याच हातात मला बघायची हाय. तुमच्या हातात ती बसत न्हाई, मंग तुमच्या हातात बघून मी काय करू?”

मामांना बोलावणं गेलं. ते आले, पण ओट्यावर चढले नाहीत. अंगणातच उभे राहिले. मिस्त्रींनी त्यांना प्रश्न विचारले, आणि ते सगळे प्रश्न गाडीबद्दलचे होते. एकदम बंद पडते का आचके देत? आचके देत. चढाला का सपाटीला? सपाटीलाही. किती अंतर गेल्यावर? वाईतनं निघाल्यावर दहा-बारा किलोमीटरवर. टाकी भरलेली असताना का रिकामी असताना? यावर मामा जरा थांबले आणि म्हणाले, “भरली की लगेच बसती मिस्त्री. अर्ध्यावर आली की त्रास कमी.”

मिस्त्रींनी चहाची बशी खाली ठेवली. “हे तू आधी कुणाला सांगितलंस का?”

“कुणी इचारलंच न्हाई.”

तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो आणि सुट्टीला गावी होतो. मागच्या सीटवर बसायची परवानगी मिळाली, म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

पेट्रोलच्या जुन्या इंजिनाला चालायला फार थोड्या गोष्टी लागतात. पेट्रोल आणि हवा, ठिणगी, आणि सिलिंडरमधला दाब. यातलं काहीतरी कमी पडल्याशिवाय गाडी बंद पडत नाही. मिस्त्रींचं म्हणणं असं की, ठिणगी गेली तर इंजिन बटण बंद केल्यासारखं जातं. पेट्रोल कमी पडलं तर आचके देत, दम तोडत जातं. म्हणजे मामांच्या एका उत्तरानं अर्धं काम झालं होतं. पण मिस्त्री त्यावर विसंबले नाहीत. ते म्हणाले, बघितल्याशिवाय खरं नाही.

वाईला टाकी काठोकाठ भरली. मामांनी गाडी घेतली, शेजारी मिस्त्री, मागं तात्या आणि मी. तात्या गाडीत असावेत हा मिस्त्रींचाच हट्ट. पाचवड जवळ आलं आणि गाडीनं पहिला आचका दिला. मी तात्यांच्या तोंडाकडं बघत होतो. ते पहिल्यांदाच तिला आचके देताना बघत होते. आणखी दोनशे पावलं जाऊन गाडी बसली.

मिस्त्री उतरले. प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडापासून दोराभर अंतरावर धरली आणि मामांना सेल्फ मारायला सांगितलं. निळी, कडक ठिणगी पडली. “ठिणगी हाय. ते गॅरेजवाल्यानं बदललेलं सगळं उगाच.” मग कार्बोरेटरला येणारी पेट्रोलची नळी काढली, तिच्या तोंडाशी बाटली धरली आणि परत सेल्फ मारायला लावला. बाटली कोरडी. टाकी काठोकाठ भरलेली, आणि इंजिनापर्यंत पेट्रोलचा थेंब नाही.

आता दोन शक्यता उरल्या. उन्हाळ्यात पेट्रोल नळीतच तापून त्याची वाफ होते, पंपाला ती ओढता येत नाही. जुन्या गाड्या चालवणारे लोक त्यासाठी पंपावर ओलं फडकं टाकतात. मिस्त्रींनी फडकं टाकलं, वरनं तांब्याभर पाणी ओतलं, दहा मिनिटं थांबले. बाटली कोरडीच.

मग ते डिकीच्या बाजूला गेले आणि टाकीच्या झाकणावर हात ठेवला. “ह्याला कुलूप कधी बसवलं?”

तात्या म्हणाले, “चैत्रात. हिशेब जुळंना तवा.”

“किल्ली?”

“माझ्याकडं. कायम माझ्याकडंच.”

“उघडा. पण सावकाश, आन् समद्यांनी कान द्या.”

तात्यांनी किल्ली फिरवली. झाकण सैल झालं तसा सुस्स असा आवाज झाला, सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह काढल्यावर होतो तसा. फरक एवढाच की इथं हवा बाहेर येत नव्हती, आत जात होती. मिस्त्रींनी सेल्फ मारायला सांगितलं. बाटलीत पेट्रोल उडालं. नळी जोडली, गाडी चालू.

तात्या म्हणाले, “सापडलं तर मग.”

मिस्त्री म्हणाले, “एकदा झालं म्हंजे सापडलं न्हवं.” झाकण परत लावलं, कुलूप घातलं, गाडी पळवली. परत बसली. झाकण उघडलं, परत सुस्स, परत चालू. मग झाकण उघडंच ठेवून, तोंडावर फडकं बांधून साताऱ्याच्या दिशेनं पंधरा किलोमीटर नेली. बसली नाही. आपल्या मनानं रोग आणता आला आणि आपल्या मनानं घालवता आला, तेव्हाच मिस्त्री म्हणाले, “आता सापडलं.”

गोष्ट अशी होती. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तसतशी त्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते. ती आली नाही की आत ओढ तयार होते आणि शेवटी पंपाला पेट्रोल खेचता येईनासं होतं. टाकी भरलेली असली की वरची हवेची पोकळी लहान असते, म्हणून ही ओढ लवकर वाढते. टाकी अर्धी असली की वेळ लागतो. हवा येण्यासाठी एक बारीक नळी होती. मिस्त्रींनी तिच्यात तार घातली तेव्हा तिच्यातनं वाळलेली माती पडली. कुंभारीण माशीचं घर. ही माशी ओल्या मातीच्या गोळ्या आणून मिळेल त्या भोकात घर बांधते, त्यात अळ्या नाहीतर कोळी कोंबते आणि तोंड लिंपून टाकते. दाराच्या कडीत, कुलपाच्या भोकात आपण ते नेहमी बघतो.

कुणाला हे गावठी वाटेल. पण २०११ साली माझदा कंपनीनं अमेरिकेत आपल्या हजारो गाड्या परत बोलावल्या होत्या, त्याचं कारण एक पिवळा कोळी होता. तो टाकीच्या हवेच्या नळीत जाळं करायचा आणि टाकीत अशीच ओढ तयार व्हायची. मोठमोठे इंजिनिअर बसवूनसुद्धा कोळ्याची जागा कोळ्यानं शोधलीच.

पण आमच्या गाडीत माशी एकटी नव्हती. जुनं झाकण सैल होतं. नळी बुजली तरी त्याच्या कडेनं हवा जात राहिली असती. नवं कुलपाचं झाकण घट्ट होतं, आणि ते बसवलं होतं मामांच्या संशयावरनं. किल्ली तात्यांकडं, म्हणून वाटेत झाकण उघडून बघणं मामांना शक्यच नव्हतं. आणि तात्या तिथं पोचले की पहिलं काम काय करायचे? पेट्रोल चोरलंय का ते बघायला झाकण उघडायचे. आवाज व्हायचा, पण भर रस्त्यात, रागाच्या भरात तो ऐकणार कोण? मग गाडी चालू व्हायची, आणि तात्यांचा संशय आणखी पक्का व्हायचा. तात्या गाडीत असताना ती बसायची नाही, कारण तात्यांचा प्रवास गाव ते वाई एवढाच. तिथं पेट्रोल भरायला झाकण उघडलंच जायचं.

तात्यांनी जे पाहिलं होतं त्यातलं काहीच खोटं नव्हतं, ही यातली मला सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट वाटते. मामा असले की गाडी बसायची, हे खरं. तात्या आले की चालू व्हायची, हेही खरं. तरीसुद्धा त्यातनं काढलेला अर्थ खोटा होता. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ’ ही म्हण तात्यांना पाठ होती, दुसऱ्यांना ते ती ऐकवायचेही. पण कावळा तीनदा बसला आणि तिन्ही वेळा फांदी मोडली, तर म्हण माहीत असलेला माणूससुद्धा कावळ्यालाच दगड मारतो.

आमचं तालुक्याचं गाव वाई म्हणजे शास्त्र्यांचं गाव. प्राज्ञपाठशाळा तिथली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथले, मराठी विश्वकोशाचं काम चाललं ते तिथनंच. त्यांच्या पदवीतलं तर्कशास्त्र मला पुढं कॉलेजात थोडंफार वाचायला मिळालं, तेव्हा न्यायशास्त्रातलं एक उदाहरण भेटलं आणि मला आमची फियाट आठवली. कुंभारानं घडा केला. घड्याच्या आधी माती होती, चाक होतं, दांडा होता, कुंभार होता. आणि माती वाहून आणणारं गाढवही होतं. मग गाढव हे घड्याचं कारण म्हणायचं का? शास्त्रकार सांगतात, नाही. आधी हजर असणं म्हणजे कारण असणं नव्हे. ज्याच्याशिवायही गोष्ट घडली असती, ते नुसतं हजर होतं. गाढवाऐवजी बैलानं माती आणली असती तरी घडा झालाच असता. मामांच्या जागी दुसरा कुणीही बसला असता तरी फियाट पाचवडला बसलीच असती.

हे तपासायचा मार्ग एकच, एकेक गोष्ट काढून बघणं. तात्यांनी फक्त मामांना काढून बघितलं, आणि मामा गेल्यावर तर गाडी लांब गेलीच नाही. म्हणजे तपासलं असं काही नव्हतंच. मिस्त्रींनी ठिणगी बघितली, उष्णता काढून बघितली, झाकण काढून बघितलं, आणि तात्यांची गैरहजेरीसुद्धा काढून बघितली. तात्यांना मागच्या सीटवर बसवण्याचा हट्ट त्यासाठी होता.

परत आल्यावर तात्यांना वाटत होतं की गोष्ट गाडीतल्या गाडीत मिटावी. मिस्त्रींनी मिटू दिली नाही. त्यांनी गाडी पाराजवळ उभी करायला लावली, मातीची ती गोळी तळहातावर घेऊन तिथं बसलेल्या माणसांना दाखवली आणि काय झालं ते सांगितलं. तात्यांचं तोंड उतरलं होतं. मिस्त्री त्यांना हळू आवाजात म्हणाले, “बोलणं हितं झालं हुतं न्हवं? मंग हे बी हितंच व्हायला पायजे.” न्यायाची यापेक्षा सोपी आणि अवघड व्याख्या मी नंतर कुठं वाचली नाही. आपण आरोप चारचौघांत करतो आणि चूक कळली की त्या माणसाला एकट्याला गाठून पाठीवर हात ठेवतो. चारचौघांत गेलेलं चारचौघांतच परत द्यावं लागतं.

तरीही तात्यांच्या मनात एक काटा होता, तो त्यांनी बोलून दाखवला. “पण मिस्त्री, हिशेबाचं काय? ॲव्हरेज कुठं गेलं?”

मिस्त्री म्हणाले, “ते मला म्हाईत न्हाई. कार्बोरेटर झिजला आसंल, आणि काय आसंल. मी बघितलं न्हाई, त्याचं मी सांगणार न्हाई.”

त्या वेळी मला हे उत्तर कोतं वाटलं होतं. एवढं केलंत तर मामा चोर नाहीत असंही सांगून टाका की! पण आता कळतं, ते बरोबर बोलत होते. जे तपासलं तेवढंच त्यांनी सांगितलं. कुणाला दोषी ठरवायला जेवढा पुरावा लागतो, तेवढाच जपून शब्द त्यांनी निर्दोष ठरवतानाही वापरला. प्रश्न उरतो तो आपल्यासाठी: ‘माहीत नाही’ हे उत्तर कुणाच्या खात्यावर मांडायचं? तात्या ते मामांच्या खात्यावर मांडत होते. माहीत नाही, म्हणजे त्यानंच घेतलं असणार. पण माहीत नसणं ही विचारणाऱ्याची उणीव असते. ज्याच्यावर आळ आहे त्याच्या नावावर ती लिहायचा कुणालाच अधिकार नाही. जोवर तपासलं जात नाही तोवर तो माणूस आपल्या दृष्टीनं कालसारखाच असायला हवा. हे म्हणायला सोपं आहे. वहीतली तूट रोज डोळ्यांसमोर असताना तसं वागणं फार अवघड आहे.

मामा परत कामावर आले. तात्यांनी कुलपाचं झाकण काढून साधं झाकण आणलं, आणि मामांच्या धाकट्या पोराला शाळेची पुस्तकं घेऊन दिली. ‘चुकलं’ हा शब्द काही त्यांच्या तोंडून आला नाही. त्या पिढीच्या कर्त्या माणसांच्या तोंडून तो सहसा येत नसे. मामांनीही तो मागितला नाही. फक्त एक झालं. त्या दिवसापासून मामांच्या खिशात एक छोटी वही आली. किती पेट्रोल भरलं, किती किलोमीटर झाले, ते तेही लिहायला लागले. एका गाडीच्या दोन वह्या झाल्या. गाडी दुरुस्त झाली होती, पण जे दुरुस्त झालं नव्हतं ते त्या दुसऱ्या वहीत रोज लिहिलं जात होतं. दोनेक वर्षांनी त्यांना दुसरीकडं काम मिळालं आणि ते गेले.

आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न गाड्यांपुरता कधीच नव्हता. पोर आजारी पडलं की करणी कुणी केली हे विचारायचं, आणि बोट बहुतेक वेळा एखाद्या एकट्या म्हातारीकडं नाहीतर गावाबाहेरच्या घराकडं दाखवायचं. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली आणि ‘कुणी केलं’ऐवजी ‘काय झालं’ विचारा, हे लोकांना सांगत ते आयुष्यभर हिंडले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. अमका माणूस करणी करतो असं सांगून त्याला त्रास देणं हा आता गुन्हा आहे. एक बोट चुकीच्या दिशेनं उठलं तर माणूस गावातनं उठू शकतो, हे कायद्याला लिहून ठेवावं लागलं.

शहरातल्या वाचकांना वाटेल, हे खेड्यातलं. आजच्या गाडीला कॉम्प्युटर असतो, स्कॅनर लावला की नंबर येतो आणि बिघाड कळतो. पण त्या नंबरावरनं कुठं दुखतंय ते कळतं, का दुखतंय ते बऱ्याचदा नाही. अजूनही पार्टमागून पार्ट बदलले जातात आणि बिलं भरली जातात. आणि फ्लॅटमधली अंगठी सापडत नाही तेव्हा पहिला फोन कुणाला जातो? धुण्याभांड्याच्या मावशींना. ‘नाही हो, सहज विचारलं,’ असं म्हणून. त्या सहज विचारण्यानं त्या बाईची रात्रीची झोप जाते, आणि आणखी चार घरांतली कामंही जाऊ शकतात.

‘कुणी’ हा प्रश्न विचारूच नये असं मी म्हणत नाही. कधीकधी खरंच कुणीतरी केलेलं असतं आणि त्याला जाब विचारायलाच हवा. आमच्याही गोष्टीत शेवटी ‘कुणी’ निघालाच. कुलूप बसवणारा हात घरातलाच होता. पण तो प्रश्न दुसरा आहे. आधी अंगठी काढली कुठं होती ते आठवावं, पलंगाखाली बॅटरी मारावी, वॉशिंग मशीनची जाळी उघडून बघावी, कणकेचा डबा झाडावा. हे सगळं करूनही सापडली नाही तर घरात मोठ्यानं म्हणावं, ‘माहीत नाही.’ आणि दुसऱ्या दिवशी मावशी आल्या की रोजच्यासारखा त्यांना चहा द्यावा.